बारा महिन्यांत दोन खेळ

एलिस पेरी ही ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांच्या विश्वचषकांत खेळलेली पहिली खेळाडू. तिचा जन्म ३ नोव्हेंबर १९९० रोजी सिडनीच्या वारूंगा या उपनगरात झाला. क्रिकेटमध्ये ती वेगवान गोलंदाज म्हणून आली आणि पुढे जगातल्या अव्वल फलंदाजांत गणली गेली. फुटबॉलमध्ये ती बचावफळीत खेळली. २००७ ते २०१६ अशी नऊ वर्षे तिने दोन्ही खेळ वरिष्ठ पातळीवर सांभाळले. १४ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या वेशीवरील मुल्लांपूरच्या स्टेडियमवर ती भारताविरुद्ध एकदिवसीय सामना खेळली, तेव्हा तिचे फुटबॉल सुटून आणखी नऊ वर्षे झाली होती.

महिलांचे सांघिक खेळ हौसेकडून पगारी व्यवसायाकडे कसे गेले, ते या एका कारकिर्दीत टप्प्याटप्प्याने दिसते. पेरीने सुरुवात केली तेव्हा दोन्हींपैकी एकाही खेळावर पोट भरत नव्हते, म्हणून कोणताही खेळ पूर्ण वर्षावर हक्क सांगू शकत नव्हता. क्रिकेटमध्ये पैसा आला, त्याबरोबर क्रिकेटने बारा महिने मागितले, आणि फुटबॉल मागे पडले. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज आणि चंडीगडकडच्या क्रिकेटपटू यांची वाटचालही याच चौकटीत पाहता येते.

तेरा दिवसांत दोन पदार्पणे

पेरीचे वडील गणिताचे शिक्षक, आई डॉक्टर. लहानपणी तिच्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्यांत अलिसा हीली होती. पुढे दोघी मिळून ऑस्ट्रेलियासाठी अनेक विश्वचषक जिंकल्या. क्रिकेट उन्हाळ्यात, फुटबॉल हिवाळ्यात असा ऑस्ट्रेलियातील मुलांचा रिवाज आहे. एका ऋतूचे बूट कपाटात गेले की दुसऱ्याचे बाहेर निघतात. शाळकरी वयात त्यात वावगे काही नव्हते. तिच्या बाबतीत वेगळे घडले ते इतकेच की दोन्ही खेळांच्या निवड समित्यांनी तिला महिनाभराच्या आत बोलावले.

२२ जुलै २००७ रोजी डार्विन येथे न्यूझीलंडविरुद्ध ती ऑस्ट्रेलियाकडून पहिला एकदिवसीय सामना खेळली. वय सोळा वर्षे आठ महिने. ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळणारी, पुरुष आणि महिला दोन्ही धरून, ती तोवरची सर्वांत लहान खेळाडू ठरली. तेराच दिवसांनी, ४ ऑगस्टला, ती हाँगकाँगविरुद्ध राष्ट्रीय फुटबॉल संघातून उतरली आणि दुसऱ्याच मिनिटाला तिने गोल केला.

पुढच्या वर्षी तिचे कसोटी आणि टी-ट्वेंटी पदार्पण झाले. १ फेब्रुवारी २००८ रोजी मेलबर्नच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच टी-ट्वेंटीत तिने नाबाद २९ धावा केल्या आणि २० धावांत ४ गडी बाद केले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात महिला फुटबॉलची राष्ट्रीय लीग सुरू झाली. पेरी पहिल्या हंगामात सेंट्रल कोस्ट मरिनर्सकडून आणि त्यानंतर राजधानीच्या कॅनबेरा युनायटेडकडून खेळली.

अडचण नेमकी येथे सुरू झाली. शाळेत फुटबॉल हिवाळ्यात होते, पण महिलांची लीग ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात भरत असे. क्रिकेटचा देशांतर्गत हंगामही त्याच महिन्यांतला. ऋतूंनी आखून दिलेली जुनी वाटणी मोडली आणि दोन्ही खेळ एकाच शनिवार-रविवारवर येऊन बसले. तरीही चार वर्षे हे निभावले, कारण तेव्हा दोन्हीकडचे मानधन किरकोळ होते. बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत. बाकीच्या मुली कामावरून सरावाला यायच्या, तशी पेरी दुसऱ्या सरावावरून यायची.

ब्रिजटाउन: शेवटचा चेंडू

१६ मे २०१०, बार्बाडोस बेटावरील ब्रिजटाउन. महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. ऑस्ट्रेलियाने २० षटकांत ८ बाद १०६ धावा केल्या होत्या. शेवटचे षटक एकोणीस वर्षांच्या पेरीकडे होते. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला विजयासाठी ५ धावा हव्या होत्या, चौकार गेला असता तर बरोबरी. फलंदाज होती सोफी डिव्हाईन. तिने चेंडू सरळ, गोलंदाजाच्या बाजूने जोरात मारला. मागे सीमारेषेपर्यंत कोणी नव्हते. हात खाली नेण्याइतका वेळ नव्हता. पेरीने धावण्याच्या ओघातच उजवा पाय बाहेर काढला, चेंडू बुटावर आदळून दिशा बदलून मिडऑनकडे गेला. तेथे लिसा स्थळेकर उभी होती. एक धाव निघाली आणि ऑस्ट्रेलिया ३ धावांनी जिंकले. १८ धावांत ३ गडी घेणारी पेरी सामन्याची मानकरी ठरली.

बचावपटूचा पाय क्रिकेटच्या मैदानावर कामी आला, असे त्या चेंडूबद्दल नेहमी सांगितले जाते. पण त्या एका चेंडूत आणखीही काही होते. समोरची सोफी डिव्हाईन न्यूझीलंडकडून हॉकीही खेळलेली. मिडऑनवरची स्थळेकर पुण्यात जन्मलेली आणि ऑस्ट्रेलियात वाढलेली. फलंदाज हॉकी आणि क्रिकेट अशा दोन खेळांतली, गोलंदाज फुटबॉल आणि क्रिकेटमधली. महिला क्रिकेटमध्ये तेव्हा असे खेळाडू अपवाद नव्हते.

ऑग्सबर्ग: डाव्या पायाचा गोल

पुढच्या वर्षी जर्मनीत महिला फुटबॉलचा विश्वचषक झाला. १० जुलै २०११ रोजी ऑग्सबर्ग येथे उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाची गाठ स्वीडनशी पडली. सोळा मिनिटांतच स्वीडनने दोन गोल चढवले. चाळिसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर पेरीकडे आला. तिने तो डाव्या पायाने वळवत थेट जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मारला. पुढे स्वीडनने तिसरा गोल केला आणि ऑस्ट्रेलिया १-३ असे हरले, पण स्पर्धेतील देखण्या गोलांत त्या फटक्याची गणना झाली. ऑस्ट्रेलियाकडून १८ फुटबॉल सामने आणि ३ गोल एवढाच तिचा आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. त्यातला हा एक गोल विश्वचषकाच्या बाद फेरीतला.

क्रिकेट आणि फुटबॉल अशा दोन्ही विश्वचषकांशी नाते असलेली जगातील पहिली स्त्री मात्र पेरी नव्हे. यॉर्कशायरची क्लेअर टेलर १९९३ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघात होती आणि १९९५ च्या फुटबॉल विश्वचषकासाठीच्या इंग्लंड संघातही. त्याही आधी, १९७३ च्या पहिल्या महिला क्रिकेट विश्वचषकात इंग्लंडचे नेतृत्व करणारी रेचल हेहो फ्लिंट इंग्लंडच्या हॉकी संघाची गोलरक्षक होती. वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला क्रिकेटपटूला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद जो पुरस्कार देते तो हेहो फ्लिंटच्या नावाने आहे. २०१७ आणि २०१९ साली तो पेरीला मिळाला. न्यूझीलंडची सुझी बेट्स २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळली आणि नंतर क्रिकेट संघाची कर्णधार झाली. या सगळ्यांच्या काळात महिलांचे खेळ हौसेचे किंवा अर्धवेळ होते, हा त्यांच्यातला समान धागा.

कॅनबेराहून सिडनीला

२०१२ मध्ये पहिला उघड पेच आला. कॅनबेरा युनायटेड नुकतीच लीग विजेती झाली होती. क्लबला पूर्ण हंगाम हाती असणारे खेळाडू हवे होते. क्रिकेटसाठी अधूनमधून जाणारी बचावपटू प्रशिक्षकाच्या आखणीत बसत नाही, कारण बचावफळी चार जणींच्या सवयीवर उभी असते. एकीने पाऊल पुढे टाकले की उरलेल्या तिघींनी न बोलता ते ओळखायचे असते, आणि ती सवय रोजच्या सरावानेच लागते. क्रिकेटमध्ये गोलंदाज एकटी येऊन आपली षटके टाकू शकते. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. क्लबने फुटबॉलला अग्रक्रम देण्याची अपेक्षा ठेवली. पेरीने दोन्ही खेळ चालू ठेवायचे ठरवले आणि ती सिडनी एफसीकडे गेली. त्याच हंगामात सिडनी एफसी विजेती ठरली.

काही आठवड्यांनी ती मुंबईत होती. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांच्यात झाला. पेरीचा घोटा दुखावलेला होता आणि त्यामुळे स्पर्धेतील काही सामने तिला बाहेर बसावे लागले होते. ऑस्ट्रेलियाने ७ बाद २५९ धावा केल्या, त्यांत तिच्या नाबाद २५ होत्या. गोलंदाजीला आल्यावर ती धावत आली आणि चेंडू न टाकताच थांबली. पुन्हा धावली, पुन्हा थांबली. त्यानंतर मात्र तिने वेस्ट इंडीजची आघाडीची फळी मोडली. तिने पूर्ण दहा षटके टाकली आणि १९ धावांत ३ गडी घेतले. वेस्ट इंडीज १४५ धावांत आटोपले, ऑस्ट्रेलिया ११४ धावांनी जिंकले. लिसा स्थळेकरचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना होता. ७५ धावा करून सामन्याची मानकरी ठरलेली जेस कॅमरन, म्हणजे नंतरची जेस डफिन, पुढे ऑस्ट्रेलियन फुटबॉल या वेगळ्याच खेळाच्या महिला लीगमध्ये कॉलिंगवूडकडून खेळली. अंतिम सामन्यानंतर पेरीच्या घोट्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

शरीराचा हिशेब

दोन खेळांचा भार शरीरावर वेगवेगळ्या जागी पडतो. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटते. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब घोटा, गुडघा आणि कंबरेवर येतो. एका दिवसात हे साठ-सत्तर वेळा घडू शकते. फुटबॉलमध्ये असा एकाच जागी धक्का बसत नाही. तेथे नव्वद मिनिटांत साधारण दहा किलोमीटर धाव, त्यात शेकडो वेळा थांबणे, वळणे, उडी आणि धडक असते. एका खेळात सांध्यांची झीज, दुसऱ्यात मांडीच्या स्नायूंवर ताण. तंदुरुस्तीच्या दृष्टीने दोन्ही एकमेकांना पूरक वाटतात आणि काही प्रमाणात आहेतही. फुटबॉलच्या धावण्याने गोलंदाजाचा दम वाढतो, पायांची चपळाई क्षेत्ररक्षणात उपयोगी पडते. पण एका खेळाची विश्रांती हा दुसऱ्याचा मुख्य हंगाम असेल, तर दुखापत भरून यायला महिनाच उरत नाही.

हॉकीचे आणि क्रिकेटचे नाते आणखी जवळचे आहे. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने मारायचा असतो, त्यामुळे डावीकडचा चेंडू घेण्यासाठी मनगट उलटे फिरवून स्टिक पालथी करावी लागते. ही सवय लागलेल्या फलंदाजाला स्वीप, उलटा स्वीप आणि चेंडूला हलकेच दिशा देऊन मोकळ्या जागेत ढकलणे सोपे जाते. कंबरेत वाकून धावत जमिनीलगतचा चेंडू अडवणे हा हॉकीचा रोजचा व्यायाम, आणि कव्हरमधील क्षेत्ररक्षकाचे कामही तेच. उलट छातीपर्यंत उसळणाऱ्या चेंडूचा मुकाबला हॉकी शिकवत नाही. तो क्रिकेटमध्ये येऊन नव्यानेच शिकावा लागतो.

पैसा आला, पर्याय गेला

२०१५ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात महिलांची बिग बॅश लीग सुरू झाली. पेरी सिडनी सिक्सर्सची कर्णधार झाली. महिला बिग बॅश आणि महिला फुटबॉल लीग एकाच उन्हाळ्यात पडल्या. २०१६ नंतर पेरीचे नाव फुटबॉलच्या संघयादीत दिसले नाही. २०१७ मध्ये क्रिकेट ऑस्ट्रेलिया आणि खेळाडू संघटनेचा करार झाला. त्यात महिलांच्या मानधनाची एकूण रक्कम ७५ लाख डॉलरवरून ५ कोटी ५२ लाख डॉलरवर गेली. राज्य पातळीवरच्या मुलींनाही क्रिकेट ही नोकरी म्हणून करता येऊ लागली.

एकाच खेळाला वर्ष दिल्याचे फळ लगेच दिसले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नॉर्थ सिडनीत महिलांची पहिली दिवस-रात्र कसोटी झाली, त्यात पेरीने इंग्लंडविरुद्ध नाबाद २१३ धावा केल्या. जुलै २०१९ मध्ये कँटरबरी येथे एकदिवसीय सामन्यात २२ धावांत ७ गडी घेतले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत १००० धावा आणि १०० बळी असा दुहेरी टप्पा गाठणारी, पुरुष-महिला मिळून, ती पहिली खेळाडू ठरली. २०११ ते २०२० या दशकातील सर्वोत्कृष्ट महिला क्रिकेटपटू म्हणूनही तिचीच निवड झाली.

तोपर्यंत अन्य खेळाडूंनाही दार बंद होत असल्याचे दिसू लागले होते. एमा कर्नी ही मेलबर्न स्टार्सकडून बिग बॅश आणि वेस्टर्न बुलडॉग्जकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळत असे. तिच्यासारख्या मोजक्या जणींनी काही उन्हाळे दोन्ही लीग केल्या, पण प्रत्येक लीगचा हंगाम लांबत गेला तशी ही सोय आटत गेली.

भारतात: रेल्वेची नोकरी आणि स्पोर्ट्स कोटा

भारतात ही निवड फार आधी करावी लागे, आणि कारण वेगळे होते. मुंबईच्या डायना एडलजी कुमारवयात बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळत. नंतर त्या क्रिकेटकडे वळल्या, भारताच्या कर्णधार झाल्या, आणि रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्याव्यात यासाठी झटल्या. त्यांच्यामागून मुलींच्या कित्येक पिढ्यांना रेल्वेचा आधार मिळाला. पण स्पोर्ट्स कोट्यातील नोकरी एका खेळातील प्रमाणपत्रांवर मिळते आणि त्याच खेळाच्या आंतरविभागीय स्पर्धांत ती सिद्ध करावी लागते. पगाराची सोय झाली की दुसरा खेळ आपोआप सुटतो. ऑस्ट्रेलियात ही गाठ लीगच्या वेळापत्रकाने बांधली, भारतात ती नोकरीच्या अर्जाने बांधली.

शाळेत मात्र चित्र मोकळे असते. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत खो-खो, कबड्डी आणि व्हॉलीबॉल या तिन्ही संघांत त्याच सहा-सात मुली दिसतात. सकाळी खो-खोचा पाठलाग संपला की पी.टी.चे सर त्यांना कबड्डीच्या मैदानावर पाठवतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील या तीन गटांपैकी सतराच्या गटाला खरी गळती लागते. तेथे जिल्ह्याहून विभागाकडे आणि विभागाहून राज्याकडे जाताना शिबिरांच्या तारखा एकमेकींवर चढतात.

भांडुपमध्ये ५ सप्टेंबर २००० रोजी जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जच्या बाबतीत हे झाले. वडील इव्हान हे तिचे पहिले प्रशिक्षक. चांगल्या मैदानांसाठी कुटुंब वांद्र्याला राहायला आले. शाळेत मुलींचा क्रिकेट संघ नव्हता, तो वडिलांनी उभा केला. जेमिमा महाराष्ट्राच्या सतरा आणि एकोणीस वर्षांखालील हॉकी संघांतून खेळली, आणि तेराव्या वर्षाच्या आसपास ती एकोणीस वर्षांखालील क्रिकेट संघातही पोहोचली होती. शेवटी क्रिकेट राहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकोणीस वर्षांखालील सामन्यात मुंबईकडून सौराष्ट्राविरुद्ध तिने १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती सांगलीच्या स्मृती मानधनानंतरची दुसरी भारतीय मुलगी. तीन महिन्यांत ती भारतीय संघात आली. क्रिकेटपटू म्हणून नाव झाल्यानंतरही मुंबईतील एका रिंक हॉकी स्पर्धेत ती स्टिक घेऊन उतरली होती. हौस शिल्लक होती, कारकीर्द मात्र एकच उरली होती.

चंडीगडची मैदाने

चंडीगड सेक्टरांत आखलेले शहर आहे. सेक्टर १६ मध्ये क्रिकेट स्टेडियम, सेक्टर ४२ मध्ये हॉकीचे कृत्रिम हिरवळीचे मैदान, सायकलने गाठता येतील अशी अंतरे. विद्यापीठांच्या सर्वांगीण क्रीडा कामगिरीसाठी दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक पंजाब विद्यापीठाने अनेकदा जिंकला आहे. एखाद्या मुलीने दोन खेळ आजमावून पाहायचे म्हटले तर याहून सोयीची जागा देशात थोडीच सापडेल.

सोय कमी होती ती संघाची. केंद्रशासित चंडीगडच्या क्रिकेट संघटनेला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची मान्यता २०१९ मध्ये मिळाली. त्याआधी येथील खेळाडूंना पंजाब, हरयाणा किंवा हिमाचलचा आसरा घ्यावा लागे. यष्टिरक्षक तानिया भाटिया पंजाबकडून खेळून २०१८ मध्ये भारतीय संघात आली. मोहालीत शिकलेली हरलीन देओल कुमारवयातच धर्मशाळेच्या अकादमीत गेली आणि हिमाचलकडून खेळून २०१९ मध्ये भारताकडून उतरली. राज्य बदलून, घर सोडून एका खेळासाठी अकादमीत जायचे ठरले की दुसरा खेळ तेथेच थांबतो. मान्यतेनंतरची पिढी शहराच्याच संघातून पुढे आली. काश्वी गौतमने फेब्रुवारी २०२० मध्ये चंडीगडकडून एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात अरुणाचल प्रदेशचे दहाच्या दहा गडी १२ धावांत बाद केले. महिला प्रीमियर लीगच्या डिसेंबर २०२३ च्या लिलावात गुजरात जायंट्सने तिच्यासाठी २ कोटी रुपये मोजले.

लिलावाचे आकडे येथे महत्त्वाचे आहेत. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. स्मृती मानधना ३ कोटी ४० लाख, जेमिमा २ कोटी २० लाख, पेरी १ कोटी ७० लाख, मोहालीची अमनजोत कौर ५० लाख, हरलीन ४० लाख. जानेवारी २०२५ मध्ये महिलांची हॉकी इंडिया लीग चार संघांनिशी रांचीत सुरू झाली, त्यांतील सूरमा हॉकी क्लब पंजाब आणि हरयाणाचा, म्हणजे चंडीगड ज्यांची सामाईक राजधानी आहे त्या दोन राज्यांचा. त्या लिलावातील सर्वांत मोठी बोली ३२ लाखांची होती. ती मिळवणारी हिस्सार जिल्ह्यातील उदिता आधी हँडबॉल खेळत असे. हँडबॉलचे प्रशिक्षक काही दिवस आले नाहीत म्हणून ती हॉकीकडे वळली आणि तेथेच राहिली. भारतातील मुलीपुढे आता दोन पगारी सांघिक खेळ आहेत, पण त्यांच्या मोबदल्यात दसपट अंतर आहे, आणि दोन्हींचे हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत एकमेकांना खेटून येतात.

मुल्लांपूर ते नवी मुंबई

मुल्लांपूरच्या १४ सप्टेंबर २०२५ च्या सामन्यात भारताने ७ बाद २८१ धावा केल्या. प्रतिका रावल ६४, मानधना ५८, आणि जवळच्याच मोहालीत शिकलेल्या हरलीनच्या ५४. ऑस्ट्रेलियाने हे लक्ष्य दोनच गडी गमावून ४४.१ षटकांत गाठले. पेरी ३० धावांवर असताना पायात गोळा आल्याने तिला मैदान सोडावे लागले. तीन दिवसांनी त्याच मैदानावर मानधनाने ९१ चेंडूंत ११७ धावा केल्या आणि भारत १०२ धावांनी जिंकला. मायदेशी एकदिवसीय सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरवण्याची २००७ नंतरची ती पहिलीच वेळ. पेरीच्या पदार्पणाचे वर्षही तेच.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांत पेरीच्या ७७ होत्या. उत्तरात जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर आली आणि १३४ चेंडूंत १२७ धावा करून नाबाद राहिली. विजयी चौकार अमनजोतने मारला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला. तीन दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुलफार्टचा झेल अमनजोतने हातातून निसटलेला चेंडू तिसऱ्या प्रयत्नात पकडून टिपला.

उपांत्य सामन्यातील दोन्ही बाजूंच्या दोघी कधीकाळी दुसऱ्या खेळाच्या होत्या. पेरीने तो दुसरा खेळ विश्वचषकापर्यंत नेला आणि पंचविशीनंतर सोडला. जेमिमाचा खेळ राज्याच्या संघापर्यंत जाऊन विशीच्या आतच सुटला. दोघींच्या गुणवत्तेतील फरकाने हे झाले नाही. जेमिमा मोठी झाली तोवर क्रिकेट पूर्णवेळ झाले होते, आणि पूर्णवेळ खेळाची निवड लवकर करावी लागते. तिच्यानंतरच्या मुलींना ती त्याहूनही लवकर करावी लागेल. ही निवड लांबवणे शाळांच्या हाती आहे: सतरा वर्षांपर्यंत मुलीला दोन संघांतून खेळू देणे, निवड शिबिरांच्या तारखा एकमेकींवर न येऊ देणे, आणि एका खेळाच्या मैदानावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मुलीला खेळ सोडला असे न म्हणणे. ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही विश्वचषक खेळलेली एलिस पेरीनंतरची दुसरी खेळाडू अजून झालेली नाही.